ऑप्शन फॉर्मच्या तळाशी कोणती नावं लिहायची?

२०१८ साली मी दारव्ह्याच्या एका नेट कॅफेत इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी, भरला. भरला म्हणजे कॅफेवाल्यानं भरला. वरची पाच-सहा नावं मी सांगितली, तीही सगळे पोट्टे सांगतात तीच. अमरावतीचं सरकारी कॉलेज, नागपूरची दोन-तीन. त्याखाली त्यानं आपल्याजवळची तयार यादी टाकून दिली. "राहू दे, खालचं कोनाले लागते?" असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं. पेरणीचे दिवस होते. बाबा वावरातून तसेच आले होते आणि बाहेर गाडीवर बसून सारखं घड्याळ पाहत होते.

लागलं ते खालचंच. यादीतलं तेविसावं.

त्या कॉलेजचं नाव सांगत नाही. इमारत झकास होती. बसस्टँडपासून ऑटो मिळाला तर मिळाला, नाही तर पायी. वर्कशॉपमधल्या यंत्रांवर प्लास्टिक झाकलेलं होतं आणि दिवाळीपर्यंत ते कोणी काढलं नाही. दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही. प्रवेश रद्द करायची ठरलेली तारीख कधीच उलटली होती, त्यामुळे अनामत तेवढी हाती आली, फी गेली. तारखेच्या आत रद्द केला असता तर हजाराच्या आत कापून बाकी पैसे परत मिळाले असते. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वर्ष घरी गेलं. पुन्हा सीईटी द्यायचं ठरलं तेव्हा मोठे बाबा म्हणाले, "पोरगी द्याची असली तं आपन आधी त्या गावचं पानी पाह्यतो. अन् तुले चार वर्सं राहाचं तिथं, तं नुसतं नाव पाहून लिवतं काहून?"

मग हरभरा काढून झाल्यावर, फेब्रुवारीत, आम्ही दोघं निघालो. बडनेरा पाहिलं, यवतमाळ पाहिलं आणि शेगाव पाहिलं. दारव्ह्याहून कारंजामार्गे मूर्तिजापूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वे. फेब्रुवारी यासाठी की तेव्हा कॉलेजं चालू असतात. फॉर्म भरायच्या दिवसांत गेलं तर गेटवर चौकीदार आणि प्रवेश कक्षात गोड बोलणारे सर, एवढंच दिसतं.

शेगावात आम्ही मंगळवारी पोहोचलो. वर्कशॉपमध्ये लेथ चालू होता, खाली लोखंडाचा बुरादा पडलेला, एक पोट्टा त्यातच उभा राहून जॉब मोजत होता. लायब्ररीत मोठ्या बाबांनी काउंटरवरचं रजिस्टर सहज पाहिल्यासारखं करून उघडलं. शेवटची नोंद त्याच सकाळची होती. माझ्या आधीच्या कॉलेजात रजिस्टर होतं की नाही हेच मला आठवेना. बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची तीन पोरं भेटली. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, "भारी आहे" असंच उत्तर येतं. मी विचारलं की मागच्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल किती झाली, मेसची भाजी आठवड्यातून किती वेळा फेकावी लागते आणि रात्री ताप आला तर कोण घेऊन जातं. एकानं मेसबद्दल इतकं खरं सांगितलं की बाकीच्यावरही माझा विश्वास बसला.

त्या वर्षी शेगाव मी पाचव्या नंबरवर लिहिलं आणि तेच लागलं. वरची चार हुकल्याचं दुःख दोन दिवस झालं. ते होतंच, त्याचं फार काही वाटून घेऊ नये.

२०२५ मध्ये बहिणीचा फॉर्म भरायची पाळी आली तोवर नियम बरेच बदलले होते. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादं लागलं, तर जागा आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की. ती नाकारली की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणजे "उगीच लिहून ठेवू" म्हणून टाकलेलं नाव आता वरही महागात पडतं, खाली तर पडतंच. हे आकडे दर वर्षी सरकू शकतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. कॅफेवाल्याचं पाठांतर मागच्या वर्षीचं असतं.

मागच्या वर्षी कोणती जागा किती पर्सेंटाइलवर बंद झाली ते सांगणारी कटऑफची पीडीएफ कशी वाचायची ते तिला एका बैठकीत समजलं. जागेच्या प्रकाराच्या कोडच्या सुरुवातीला एल असला तर मुलींची जागा. शेवटच्या अक्षरात एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यपातळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, बारावीही इथंच, म्हणून आमची होम युनिव्हर्सिटी अमरावती. नागपूरचं कॉलेज आम्हाला ओच्या रांगेत पाहावं लागतं. बारावीसाठी लातूर-नांदेडला गेलेल्या पोरांचं हे गणितच पालटतं आणि बऱ्याच जणांना ते फॉर्म भरताना कळतं. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागेचा फॉर्मात लिहायचा कोड वेगळा असतो, शेवटी टी. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्याच कॉलेजचे दोन्ही कोड लिहायचे.

यादी करताना आमचं एकच भांडण झालं. मला एक नावाजलेलं कॉलेज खाली हवं होतं, "पडलं राहील" म्हणून. ती म्हणाली, "दादा, लागलं तं तू जाशील का तिथं?" खोडलं.

शेवटी अकरा नावं उरली. त्यातल्या चारांचा मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या बराच खाली होता आणि ती चारही तिनं पाहिलेली होती. पर्सेंटाइल कमी असेल तर अकरा फार तोकडी पडतील. पण मग भर पाहिलेल्या कॉलेजांची घाला. तयार यादीतून घालू नका.

इंजिनीअरिंगच्या बाहेरचंही एक दार आम्ही उघडं ठेवलं होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा बीएस्सी अ‍ॅग्री आणि अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयातलं साधं बीएस्सी. आपल्याकडे बीएस्सी म्हटलं की लोक "काहीच लागलं नाही का?" अशा तोंडानं पाहतात. विदर्भ महाविद्यालय १९२३ सालचं आहे, आमच्या गावाला वीज यायच्याही आधीचं. तिला केमिस्ट्री खरंच आवडते, म्हणून ते ठेवलं. आवडत नसती तर नसतं ठेवलं.

आणि जुलैत फोन येतात. "सीट पक्की करून देतो, टीसी अन् मार्कशीट आणून द्या." मूळ कागद कोणालाही देऊ नका, ते सोडवता सोडवता फेऱ्या संपतात. कॅपमधून न घेता संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतली फीची सवलतही जाते. मुलींना २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे, पण तेही कॅपमधूनच.

फॉर्म त्याच कॅफेत भरला. "अकराच?" त्यानं विचारलं आणि सवयीनं आपली यादी उघडली. बहिणीनं माउस त्याच्या हातून घेतला.

तिला आठवं लागलं, यवतमाळचं. रविवारी बाबांनी तिची गादी मोटारसायकलवर बांधली. त्यावर पेटी राहीना, म्हणून पेटी एसटीनं मागून पाठवली.