एल्डन रिंग: खिशात बाटल्या ठेवून मरू नका

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये मार्गिट नावाच्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, पुलावर लढताना पहिल्या रात्री मी 19 वेळा मेलो. माझी सेकंड शिफ्ट असते, साताऱ्याच्या एमआयडीसीतून घरी पोचायला साडेबारा होतात, मग एक ते तीन हा माझा खेळायचा वेळ. कारखान्यात पीस रिजेक्ट झाला की कारण लिहून ठेवायची सवय आहे. त्याच सवयीनं पाठकोऱ्या कागदावर प्रत्येक मरणाला एक ओळ लिहीत गेलो: लाल बाटल्या किती उरल्या. सकाळी मोजलं, तर 19 पैकी 12 वेळा निदान दोन बाटल्या शिल्लक होत्या. औषध जवळ होतं आणि मी ते न घेताच मेलो होतो.

गेममध्ये लाल बाटली एकच असते, घोट मोजलेले असतात. पण बोलताना आपण सगळे "तीन बाटल्या राहिल्या" असंच म्हणतो, म्हणून मीही तसंच लिहितो. लाल म्हणजे क्रिमझन, तिनं हेल्थ भरते. निळी म्हणजे सेरुलियन, ती एफपीसाठी, म्हणजे जादू आणि वेपन स्किल (हत्याराची खास चाल) वापरायच्या ताकदीसाठी. सुरुवातीला दोन्ही मिळून 4 घोट. ग्रेसवर, म्हणजे विश्रांतीच्या सोनेरी प्रकाशाच्या जागी, बसलं की ते कसे वाटायचे हे आपल्या हातात असतं. तलवारवाला असाल आणि वेपन स्किल क्वचितच वापरत असाल, तर मार्गिटपुरत्या चारही लाल करून टाका.

बाटली वाचवून ठेवायची ओढ मला कळते. माझा अकरावीतला भाचा दिवाळीत माझ्याकडे खेळत होता. हेल्थ निम्म्यावर आली तरी तो पीत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मामा, सेकंड फेजला लागतील ना!" सेकंड फेज, म्हणजे लढाईचा दुसरा टप्पा, त्यानं तोवर पाहिलीही नव्हती. इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: मेल्यावर सगळ्या बाटल्या पुन्हा भरतात. वाचवलेली बाटली पुढच्या डावात वाढीव मिळत नाही. त्यामुळे शिल्लक ठेवून मेलात तर ती वायाच गेली.

मग प्यायची कधी? मी एकच हिशोब ठेवतो: समोरच्याचे दोन फटके सोसायची ताकद उरली नसेल, तर पुढची मोकळी जागा, म्हणजे त्याच्या दोन वारांमधली फट, मारण्यासाठी नाही, पिण्यासाठी. पहिल्या दोन-तीन डावांत जिंकायचा विचार सोडा आणि बॉसचा एक फटका पट्टीचा किती भाग खातो तेवढंच बघा. मार्गिटचा मोठा फटका सुरुवातीच्या पात्राची निम्मी पट्टी नेत असेल, तर निम्म्याच्या खाली गेल्यावर तुम्ही एका चुकीवर जगताय.

आता मोकळी जागा. लोक घाबरले की लांब पळतात आणि तिथं पितात. मार्गिट नेमका तिथंच मारतो. लांबून स्क्वेअर, म्हणजे प्यायचं बटण, दाबलात की त्याचा हात मागे जातो आणि पिवळा चमकता खंजीर येतो, बाटली अजून तोंडाशी असतानाच. तुम्ही पिताय हे गेम ओळखतो. त्यामुळे अंतर म्हणजे सुरक्षितता हे गणित इथं चालत नाही. त्याचा वार पूर्ण होऊन काठी जमिनीवर आदळलेली असते, तो पुढचा पवित्रा घेत असतो, तेवढा वेळ तुमचा. सेकंड फेजमध्ये तो सोनेरी हातोडा काढून उंच उडी मारतो. त्या उडीखालून रोल करून त्याच्या बगलेत या, हातोडा आपटला की लगेच प्या. बॉसच्या इतक्या जवळ उभं राहून प्यायला सुरुवातीला छाती होत नाही. दहा वेळा केलंत की होते.

आणि बटण एकदाच दाबा. घाबरून दोनदा दाबलं की दुसरा घोट रांगेत लागतो, आणि पहिला संपून तुम्ही रोल करायला जाता तेव्हा पात्र शांतपणे दुसरा घोट घेत उभं असतं. माझ्या कागदावर असे चार मृत्यू आहेत. आता मी दाबल्यावर अंगठा त्या बटणावरून उचलून थेट रोलच्या बटणावर नेतो. ही सवय मुद्दाम लावावी लागते.

हे झालं लढाईतलं. पण खरा फरक लढाईच्या आधी पडतो आणि नवे खेळाडू तिथंच घाई करतात. ग्रेसचा सोनेरी किरण स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे दाखवतो म्हणून ते सरळ मार्गिटसमोर जाऊन उभे राहतात. तसं करू नका. आधी लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाच्या पूर्वेला, मिस्टवूडच्या उत्तरेला थर्ड चर्च ऑफ मारिका आहे, तिथं जा. मूर्तीच्या पायाशी सेक्रेड टिअर मिळतो, त्यानं प्रत्येक घोटाची ताकद वाढते. शिवाय तिथंच फिजिकची बाटली आणि तिच्यात घालायचा क्रिमझन क्रिस्टल टिअर मिळतो, जो अर्धी हेल्थ परत देतो. ती लालपेक्षा वेगळी बाटली आहे, ग्रेसवर दर वेळी भरून मिळते आणि कित्येक जण ती वापरायचीच विसरतात.

मग पूल ओलांडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला. तिथं तीन चर्च आहेत: कॅलू बाप्टिस्मल, फोर्थ चर्च ऑफ मारिका आणि चर्च ऑफ पिलग्रिमेज. तिन्हीकडे एकेक सेक्रेड टिअर. घोड्यावरून फिरलात तर एका रात्रीचं काम. एका घोटाला मुळात 250 हेल्थ मिळते. चार टिअर घातल्यावर 570. दुपटीहून जास्त, आणि यातल्या एकाही टिअरसाठी बॉस मारावा लागत नाही.

घोटांची संख्या गोल्डन सीडनं वाढते. सोनेरी चमकणारं लहान झाड दिसलं की त्याच्या बुडाशी पाहा. स्टॉर्महिल शॅकवरून किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक आहे, फोर्ट हाइटजवळ दुसरं. पहिल्या दोन वाढींना एकेकच सीड लागतं, म्हणजे एवढ्यावर 4 चे 6 घोट होतात. पुढे दोन, मग तीन असं महाग होत जातं; कमाल 14 घोट. पात्र बनवताना कीपसेक, म्हणजे सुरुवातीची भेटवस्तू, विचारतात तेव्हा मी गोल्डन सीडच घेतो.

भाच्याला हे सगळं गोळा करायला लावलं आणि एक चूक माझ्या उशिरा लक्षात आली. त्यानं रेच हे पात्र घेतलं होतं, व्हिगर (हेल्थ ठरवणारा आकडा) 10, म्हणजे एकूण हेल्थ 414. बाटली 570 ची! भांडंच लहान, उरलेलं सांडणार. रून्स (पात्राची पातळी वाढवायचं चलन) सगळे स्ट्रेंग्थमध्ये घातलेले. व्हिगर 20 ला हेल्थ 652 होते, 25 ला 800, 40 ला 1450. मार्गिटच्या आधी निदान 20 करा आणि पुढेही बाटली वाढवाल तशी व्हिगर वाढवत चला. डॅमेज मागे पडलं तर लढाई लांबते, एवढंच. व्हिगर मागे पडली तर शिकायच्या आतच लढाई संपते.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. घोडा मेला आणि पुन्हा बोलावलात तर एक लाल घोट जातो, म्हणून त्याची हेल्थ कमी दिसली की रोवा रेझिन खाऊ घाला. काही ठिकाणी शत्रूंचा पूर्ण गट मारला की घोट परत मिळतात, तेव्हा छावणीत शेवटचा एक सैनिक उरला असेल तर त्याला सोडून जाऊ नका. विष लागलं असेल तर आधी बोलस खा, मग बाटली. उलटं केलंत तर भरलेलं गळत राहतं.

शेवटचा टप्पा मला अजून छळतो. बॉसची पट्टी नखाएवढी राहते, माझीही तेवढीच, आणि हात आपोआप आर1 कडे, म्हणजे वाराच्या बटणाकडे, जातो. मार्गिटबरोबर मी तीनदा तसा मेलो, तिन्ही वेळा एक बाटली होती. चौथ्यांदा तो काठी आपटून वाकला तेव्हा मी प्यायलो, त्यानंतरचे दोन फटके खाल्ले आणि तरी उभा होतो. पुढच्या मोकळ्या जागेत तो पडला. तीनला पाच कमी होती.