ब्लॅकहेड्स कसे ओळखावेत आणि कसे घालवावेत

नाकावरचे आणि हनुवटीवरचे काळे ठिपके म्हणजे साचलेला मळ, अशी समजूत घराघरांत पक्की आहे आणि म्हणूनच चेहरा घासण्याचा, नाही तर नखांनी दाबण्याचा उपाय आधी केला जातो. प्रत्यक्षात चेहऱ्यावरच्या रोमछिद्रांना तैलग्रंथी जोडलेल्या असतात. त्यांतून पाझरणारे तेल आणि छिद्राच्या आतल्या अस्तरातून सुटणाऱ्या मृत पेशी एकमेकांत मिसळून घट्ट झाल्या, की छिद्रात बूच बसते. या बुचाचे तोंड उघडे राहिले, तर त्यातले मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेच्या संपर्कात आलेले तेल यांमुळे ते काळे दिसते; हाच ब्लॅकहेड. तोंड बंद राहिले, तर तोच अडथळा पांढरट पुळीसारखा दिसतो आणि त्याला व्हाइटहेड म्हणतात. हा काळेपणा कितीही घासला तरी धुऊन निघत नाही, कारण त्याचे मूळ छिद्राच्या आत असते.

उपचाराआधी नीट पाहणे आवश्यक आहे. नाकावर सारख्या अंतराने पसरलेले, सपाट, करडे ठिपके बहुधा ब्लॅकहेड नसतातच. ती तेल वाहून नेणाऱ्या छिद्रांची नेहमीची भरण असते, दाबल्यास तिच्यातून पांढरट, बारीक धागा निघतो आणि महिनाभरात ती पुन्हा भरते. ती कायमची घालवण्याचा अट्टहास करू नये. ब्लॅकहेड विखुरलेले, अधिक गडद आणि हाताला किंचित उंच लागणारे असतात.

पहिली पायरी चेहरा धुण्याची. दिवसातून दोन वेळा, आणि खूप घाम आल्यास आणखी एकदा, सौम्य फेसवॉशने कोमट किंवा साध्या पाण्याने चेहरा धुवावा आणि तो न रगडता टिपून घ्यावा. अंगाचा साबण चेहऱ्याला शक्यतो लावू नये. त्याने त्वचा कोरडी पडते आणि मग औषध सोसत नाही.

दुसरी पायरी सॅलिसिलिक ॲसिडची, आणि माझ्या मते घरच्या उपचारात हिच्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. हे आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे ते तेलाने भरलेल्या छिद्रात शिरू शकते आणि मृत पेशींची पकड सैल करते. ०.५ ते २ टक्के प्रमाणाचे उत्पादन निवडावे, आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून सुरुवात करावी आणि आग किंवा सालपटे नसतील तरच वापर वाढवावा. फेसवॉशमधले सॅलिसिलिक ॲसिड लगेच धुतले जाते, म्हणून चेहऱ्यावर राहणाऱ्या सीरमचा किंवा जेलचा उपयोग अधिक होतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

त्यानंतर मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेला त्याची गरज नसते, हा समज चुकीचा आहे. जेलसारखे हलके आणि वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रे न बुजवणारे) लिहिलेले उत्पादन घ्यावे. सकाळी त्यावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे.

दोन-तीन महिन्यांत पुरेसा फरक दिसला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना ॲडापॅलिनबद्दल विचारावे. ०.१ टक्क्याचे हे जेल छिद्राच्या आतल्या पेशींची वाढ आणि झड सुरळीत करते, म्हणजे बूच मुळात तयार होऊ देत नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे जेल पूर्ण भागावर पातळ पसरावे. केवळ ठिपक्यावर लावून उपयोग होत नाही, कारण न दिसणारे अडथळे शेजारच्या छिद्रांत आधीच तयार होत असतात. सुरुवातीचे काही आठवडे कोरडेपणा आणि लाली येते, तेव्हा एक रात्र सोडून लावावे आणि त्या काळात सॅलिसिलिक ॲसिड थांबवावे. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत उपचार सोडणाऱ्यांनी औषधाला संधीच दिलेली नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी ॲडापॅलिन वापरू नये.

काही गोष्टी मात्र तातडीने बंद कराव्यात. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो आणि उन्हात त्याने त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. बेकिंग सोडा उलट अल्कधर्मी असल्यामुळे त्वचेच्या सौम्य आम्लतेला धक्का देतो. वाफेने छिद्रे ‘उघडत’ नाहीत, कारण त्यांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. वाफेने वरचा थर जरा मऊ होतो एवढेच. नाकावरच्या पट्ट्या बुचाचे वरचे टोक ओढून काढतात, मूळ तिथेच राहते. नखांनी दाबल्यास बूच आत फुटून लालसर फोड येतो आणि आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर त्याचा काळपट डाग कित्येक महिने टिकतो, म्हणजे ठिपक्यापेक्षा खूण मोठी होते. डोक्याला खोबरेल तेल भरपूर थापण्याची सवय असेल आणि ठिपके कपाळावर केसांच्या रेषेलगत असतील, तर तेल कमी करून ते फक्त केसांना लावावे. आणि मैत्रिणीच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून ‘गोरे करणारे’ स्टेरॉइडयुक्त क्रीम चेहऱ्याला कधीही लावू नये; त्याने त्वचा पातळ होते आणि पुरळ उलट वाढते.

जुने, घट्ट ब्लॅकहेड त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक उपकरणाने काढतात. ते घरी किंवा उपकरणे नीट निर्जंतुक न करणाऱ्या ठिकाणी काढू नयेत. वर्षानुवर्षे उन्हात काम केलेल्या, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या वयस्क माणसांच्या डोळ्यांभोवती आणि गालांच्या वरच्या भागावर मोठे ब्लॅकहेड्स येतात. ते अनेकदा म्हातारपणाचे म्हणून सोडून दिले जातात, पण त्यांवरही उपचार होतात. मात्र एखादा काळा ठिपका वाढत असेल, त्याचा रंग किंवा कड बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तो ब्लॅकहेड समजून वाट पाहू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा.