जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात एक दिवसाची ऑफ-रोड फेरी: गाड्यांचा ताफा कसा न्यायचा

पाच गाड्या, एक दिवस आणि पंधरा ते अठरा किलोमीटर कच्चा रस्ता. पहिल्यांदा गटाने निघताना याहून मोठा बेत करू नका. नकाशावर अठरा किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, पण चढ-उतार, ओढे आणि चाकोऱ्या असलेल्या वाटेवर ताफ्याचा सरासरी वेग ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वर जात नाही. एक गाडी रुतली की ती काढायला अर्धा तास जातो, आणि तेवढा वेळ मागच्या सगळ्या गाड्या उभ्या राहतात. पाचांच्या जागी दहा गाड्या नेल्या तर दिवस नुसता वाट बघण्यात संपतो. दोनच गाड्या घेऊन जाणंही बरं नाही. एक रुतली आणि तिला काढताना दुसरीही फसली, तर तिसरं कोणी हाताशी नसतं.

कुठे जायचं, आणि कुठे नाही

बेळगावच्या पश्चिमेला पिरनवाडी, किणये, कुसमळीवरून जांबोटी आणि पुढे कणकुंबी, चोर्ला असा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना झाडी दिसली की तिथे गाडी घालावीशी वाटते, पण या पट्ट्यातलं बरंचसं जंगल राखीव आहे. शिवाय 2011 साली भीमगड अभयारण्य घोषित झालं, आणि सीमेपलीकडे गोव्याचं म्हादई अभयारण्य लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. मोबाइलच्या नकाशावर तुटक रेघ दिसली म्हणजे तिथून गाडी न्यायला मोकळीक आहे, असं कोणी समजू नये. वन खात्याने गाडी पकडली तर ती सोडवायला किती खेटे घालावे लागतील, याचा हिशेब आधीच करा.

मग उरतं काय? गावकऱ्यांचे ट्रॅक्टर जातात त्या पाणंदी, मालकीचे माळ, काजूच्या बागांकडे जाणाऱ्या वाटा, आणि मालकाने हो म्हटलं तर चिऱ्यांच्या बंद पडलेल्या खाणी. खाणीत उभे कडे आणि साचलेलं पाणी असतं, म्हणून तिथे आधी पायी फिरून घ्या. लष्कराची हद्द बेळगावच्या आसपास बऱ्याच ठिकाणी आहे. फलक दिसला की गाडी वळवायची, तिथे वाद नको.

परवानगीचं काम दोन आठवडे आधी धरा. वाट वनहद्दीला खेटून जात असेल तर त्या भागाच्या वनक्षेत्रपालांना भेटा. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. गाड्यांचे नंबर, चालकांची नावं, तारीख, येण्या-जाण्याची वेळ हे सगळं त्यात असू द्या. वाट चंदगड तालुक्यात उतरणार असेल तर तिकडचं वन खातं महाराष्ट्राचं, म्हणजे अर्ज वेगळा आणि तो मराठीत. गावात मात्र कागदाइतकीच तोंडओळखही लागते. जमिनीच्या मालकाला आणि गावच्या पंचांना आधी जाऊन भेटा. गावात वार पाळणूक (ठरावीक वारी शेतातली कामं बंद ठेवणं) चालू आहे का, जत्रा जवळ आली आहे का, वाटेत देवराई लागते का, हे तिथेच विचारून घ्या. काही दिवशी शिवारात शिरलेलं गावाला चालत नाही, आणि ते तुम्हाला कुठल्याही ॲपवर कळणार नाही.

हंगाम आणि माती

जून ते सप्टेंबर इकडे जाऊच नये. कणकुंबीच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की सकाळी घोट्याएवढा असलेला ओहोळ दुपारी कमरेला लागतो. ऑक्टोबरमध्ये वाटा ओल्या असतात आणि भात अजून शेतात उभं असतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. फेब्रुवारीनंतर धूळ वाढते, आणि वाळलेल्या गवतावर तापलेला सायलेन्सर टेकला की वणवा लागायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत वाळक्या गवतात गाडी उभी करू नका.

बेळगाव जिल्ह्यात माती दोन तऱ्हांची. पूर्वेकडे सौंदत्ती, बैलहोंगलच्या बाजूला काळी, पश्चिमेला तांबडी आणि तिच्याखाली जांभा दगड. काळ्या मातीवर एक सर आली तरी फेरी रद्द करा. ती टायरच्या खाचांत भरते, मडगार्डखाली थर धरते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. तांबडी माती तशी चिकटून बसत नाही, पण ओली असताना वरचा पातळ थर सटकतो. खाली पक्का मुरूम असतो म्हणून हळू चालवलं तर पकड मिळते. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, जांभ्याचं वेगळंच आहे. पावसानंतर काही आठवडे त्यावर शेवाळ राहतं आणि गाडी बाजूला घसरते. पुढे तो वाळला की त्याच्या कडा टायरची बाजू चिरतात. टायरची बाजू फाटली तर पंक्चरच्या पट्टीने काम भागत नाही, स्टेपनीच लागते. म्हणून प्रत्येक गाडीला पूर्ण मापाची स्टेपनी हवी.

ऊस आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या इथली नेहमीची डोकेदुखी. थारच्या पोटाखाली 226 मिलिमीटर जागा आहे, जिम्नीच्या 210. म्हणजे जेमतेम एक वीत. तेव्हा सोपा नियम: खाली उतरून चाकोरीत हात उभा धरा. वीतभराहून खोल असेल तर चाकं चाकोरीत घालू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या काठावर ठेवून चला. तशी जागा नसेल तर खोरं काढून काठ आत ढकला. नाहीतर गाडी पोटावर बसते, चारही चाकं नुसती फिरतात आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, असून नसल्यासारखं होतं.

आधी पाहणी

फेरीच्या आठवडाभर आधी दोघांनी मोटरसायकलवर संपूर्ण वाट फिरून यावी. प्रत्येक फाटा, ओढा, कुंपण आणि गाडी वळवता येईल अशी जागा ऑफलाइन नकाशावर खुणावून ठेवावी. वळायची जागा लिहून ठेवायला लोक विसरतात. मग अरुंद पाणंदीत पाच गाड्या एकामागे एक उलट्या घ्यायची पाळी येते. अर्ध्या वाटेवरून डांबरी रस्त्याला निघता येईल असा निदान एक फाटा शोधाच. चोर्ला घाटाच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून शेवटची रेंज कुठे मिळते तेही टिपून ठेवा. अडचण आली तर माणूस तिथवर पाठवून 112 किंवा 108 ला फोन लावता येतो. मोठं रुग्णालय बेळगावलाच, आणि कणकुंबीहून ते साधारण पन्नास किलोमीटरवर आहे.

गाड्या आणि सामान

वाट निवडायची ती सगळ्यात कमकुवत गाडी आणि सगळ्यात नवखा चालक बघून. ताफ्यात एखादी टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो असेल तर चिखलाचा चढ बेतातून काढा. पाठ थोपटून कुणाला चढावर घालायचं आणि मग दिवसभर त्याची गाडी ओढत बसायचं, हा प्रकार नको.

गाडीपुढे-मागे चेसिसला बोल्टने बसवलेले ओढायचे हूक हवेत. ते नसतील तर ती गाडी न्यायचीच नाही, यात सूट देऊ नका. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नये. झटका बसला की तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो.

ताफ्यात मिळून एवढं सामान असू द्या:

- नऊ मीटर लांबीचे दोन नायलॉनचे ताणले जाणारे पट्टे, प्रत्येकी आठ टनांचे
- पाऊण इंची, 4.75 टनांच्या सहा शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या पिनेच्या कड्या)
- झाडाला बांधायचा रुंद पट्टा, आणि एका गाडीला विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र)
- बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारे दोन कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर
- दोन खोरी, एक कुदळ, एक कोयता, जॅकखाली ठेवायला फूटभर रुंद जाड फळी
- पंक्चर किट, व्हॉल्व्हच्या पिना, फॅन बेल्ट, फ्यूज, कूलंट, इंजिन ऑइल, जंपर केबल
- आग विझवायचं नळकांडं प्रत्येक गाडीत, प्रथमोपचाराची पेटी निदान दोन गाड्यांत

कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, मोठा टायर भरताना फ्यूज उडतो. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर. भाकरी, शेंगाचटणी, भडंग असं कोरडं खाणं बरं. रानात चूल पेटवायची नाही. डिझेल-पेट्रोल बेळगावातच टाकी भरून घ्या, लो गिअरमध्ये ॲव्हरेज निम्म्यावर येतं. बोलण्यासाठी 446 मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकी-टॉकी परवान्याशिवाय वापरता येतात, ते घ्या. आणि एक: चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीला तपासणी नाका आहे. गोव्याकडून परतणार असाल तर बाटल्यांचा मोह टाळा, आणि चालकाने तर दिवसभर थेंबही घ्यायचा नाही.

दिवसाचं वेळापत्रक

नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यावरून उलटं मोजत या. साडेचारला डांबरावर परत, दुपारी दोन वाजता जिथे असाल तिथून माघार, साडेआठला कच्च्यावर चाक, आठला वाटेच्या तोंडाशी, म्हणजे बेळगावातून सव्वासहाला निघायचं आणि जांबोटीला चहा. दोनचा नियम मोडायचा नाही. संध्याकाळी या भागात गवे आणि अस्वलं बाहेर पडतात, आणि अंधारात रुतलेली गाडी काढणं हे दिवसाच्या तिप्पट कष्टाचं काम.

वाटेच्या तोंडाशी हवा कमी करा. रस्त्यावरची 32 पीएसआय असेल तर जांभा आणि दगडगोट्यांसाठी 22 ते 24, ओल्या मातीसाठी 18 ते 20. हवा कमी केली की टायर पसरतो, दगडाला लपेटतो आणि पकड वाढते. पण 15 च्या खाली नेलीत तर वळताना टायर रिमवरून उतरतो. मऊ टायरवर ताशी तीसच्या वर जाऊ नका.

पुढची गाडी वाट माहीत असलेल्याची, शेवटची सगळ्यात अनुभवी चालकाची, विंच आणि सामान तिच्यात. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. फाट्यावर वळल्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, मग कोणी चुकत नाही. चढावर किंवा ओढ्यात एका वेळी एकच गाडी. वाट दाखवायला खाली उतरलेला माणूसही एकच. चौघे चार बाजूंनी "डावीकडे घे, उजवीकडे घे" ओरडू लागले की चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) दगडावर आपटलाच म्हणून समजा.

फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) गिअर टाकताना गाडी थांबवून न्यूट्रल करा. उतारावर लो-पहिला गिअर, क्लचवर पाय नाही, ब्रेक हलकेच. क्लच दाबला की इंजिनाची अडवणूक जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि चाकं लॉक होऊन गाडी घसरते. चढावर गाडी बंद पडली तर वळवायचा प्रयत्न नको, आडवी झाली की उलटते. रिव्हर्स टाकून सरळ रेषेत खाली या.

ओढ्यात आधी माणूस पायी उतरवा, काठी टेकत. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर जायचं नाही, गाडीच्या माहितीपत्रकात 650 मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी. ते माप साचलेल्या पाण्याचं धरून चाला. पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. पलीकडे जाऊ नका. पाण्यात एकच गिअर, एकच वेग. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका. सिलिंडरात पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, इंजिनाचं जादा कवच लागतं.

रुतलेली गाडी काढताना

चाक फिरवत बसू नका, गाडी आणखी खाली जाते. आधी खोऱ्याने चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढा, बरेचदा तेवढ्यानेच गाडी निघते. नाहीच निघाली तर पट्टा. दोन मीटर ढील ठेवून ओढणाऱ्या गाडीने लो-दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघायचं. पट्टा ताणतो आणि त्याच्या ओढीने गाडी उचलली जाते. साखळी किंवा लोखंडी दोर यासाठी वापरू नका, ते ताणले जात नाहीत, तुटतात. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती सुटत नाही. पट्ट्याच्या मध्यावर जाड सतरंजी किंवा ओलं पोतं टाका, आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट अंतरावर उभं करा. विंच चालवताना ड्रमवर पाच वेढे राहू द्या, हातमोजे घाला, दोरावरून कोणी ओलांडू नये.

सावलीला पालापाचोळ्यात बसलात तर उठल्यावर कपडे झटकून गोचिडी बघा. सत्तरी आणि दोडामार्गाकडे माकडताप होऊन गेलेला आहे, आणि तो गोचिडीतून पसरतो. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा.

डांबरावर परतल्यावर

फोर बाय फोर काढून टू-व्हील करा, कोरड्या डांबरावर तसंच चालवलं तर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) ताण येतो. टायरमध्ये हवा भरा, नट आवळा, टायरच्या आतल्या बाजूला चिरा पडल्यात का ते हाताने चाचपा. दुसऱ्या दिवशी गाडी खालून धुवा, चिखलाखाली गळती लपते. ओढ्यात गेलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचा) नट उघडून तेल बघा. तापलेला भाग थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची नळी) तुंबला असेल तर सीलवाटे पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर तेव्हाच बदलून टाका, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबलात तर बेअरिंगं जातात.