कुत्र्याला सोबत घेऊन प्रबळगडाची एक दिवसाची चढाई

नवी मुंबईतून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे डोंगर पुष्कळ आहेत. कुत्र्याला सोबत न्यायचे ठरले की मात्र त्यांतले बरेचसे गळतात. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. पाळीव कुत्र्याकडून वन्यप्राण्यांना रोग लागू शकतात आणि बिबट्यासाठी कुत्रा हे सोपे भक्ष्य असते, म्हणून या दोन्ही ठिकाणी त्याला नेऊच नये. माहुलीच्या माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे आणि कलावंतीण दुर्गाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांना कठडा नाही, त्यामुळे तेही वगळावे लागतात. पनवेलजवळच्या ठाकूरवाडीतून प्रबळमाचीमार्गे प्रबळगड ही वाट मला त्यातल्या त्यात योग्य वाटते. माचीपर्यंतची वाट प्रशस्त आहे, आणि पुढची धोंड्यांनी भरलेली घळ अवघड वाटल्यास माचीवरूनच परत फिरता येते.

ही परत फिरण्याची सोय मी सर्वांत महत्त्वाची मानतो. दमलेला माणूस बसतो, कुरकुरतो, पाणी मागतो. कुत्रा मात्र मालक चालतो आहे तोवर पाय ओढत का होईना चालत राहतो. त्यामुळे कुठे थांबायचे हे आपणच ठरवायचे असते, आणि तेही त्याच्यात उतरण्याइतकी ताकद शिल्लक असताना. उतारावर पुढच्या पायांवर जास्त भार येतो व तळव्यांची कातडी सोलवटते, हे आधीच लक्षात घ्यावे.

तयारी महिनाभर आधी सुरू करावी. खारघरच्या टेकडीवर पहाटे आठवड्यातून तीन-चारदा चढ-उतार केल्यास तळवे कणखर होतात आणि कुत्र्याचा दम कळतो. मोठ्या जातीचे पिल्लू साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत मोठ्या चढाईवर नेऊ नये, कारण त्याची हाडे अजून वाढत असतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर कधीच नेऊ नये. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची (लेप्टोची) लस वेळेवर झालेली असावी आणि गोचिडांवरचे औषध निघण्यापूर्वी काही दिवस दिलेले असावे.

डिसेंबर आणि जानेवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात कातळ निसरडे असतात, तर मार्चपासून ऊन असह्य होते व वणव्यांची भीती असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत वाळून कुसळे सुटतात. माझ्या गावठी कुत्रीच्या कानात एकदा असेच कुसळ शिरले. ती दोन दिवस मान वाकडी करून डोके झटकत होती आणि अखेर गुंगी देऊन ते काढावे लागले. तेव्हापासून हिवाळ्यातसुद्धा प्रत्येक थांब्यावर मी तिचे कान आणि बोटांमधल्या फटी तपासतो.

उजाडताच चढायला लागावे आणि ऊन तापण्यापूर्वी माची गाठावी. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त तळव्यांतूनच येतो. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो, त्यामुळे दमट हवेत तो आपल्याआधी तापतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेल्यास जिवावर बेतते. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा पाय अडखळू लागले, तर लगेच सावलीत थांबून त्याचे पोट, जांघा आणि सगळे अंग साध्या पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि जमेल तितक्या लवकर खाली उतरवून पशुवैद्यांकडे न्यावे. अठरा-वीस किलोच्या कुत्र्यासाठी निदान दोन लिटर पाणी वेगळे घ्यावे आणि दर वीस मिनिटांनी थोडे थोडे पाजावे. आपल्या खाऊतले मनुके आणि चॉकलेट त्याला चुकूनही देऊ नये. दोन्ही त्याच्यासाठी विषारी आहेत.

पट्टा पूर्ण वाटभर हातात असावा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरावा, म्हणजे धोंड्यांवर त्याला आधार देऊन उचलता येते. वाडीतून जाताना कोंबड्या आणि शेळ्या दिसताच आपला कुत्रा पायाशी घ्यावा, कारण ती तिथल्या कुटुंबांची मिळकत आहे. गावकुत्री अंगावर आली तर पळू नये; आपला कुत्रा मागे घेऊन शांतपणे पुढे जावे. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांच्या पाण्यात कुत्र्याला उतरू देऊ नये, कारण ते पाणी कोणी तरी पिणार असते. विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी.

घरी आल्यावर तळवे कोमट पाण्याने धुऊन पुसावेत आणि कानांमागे, काखेत व शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधावेत. गोचीड चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढावा. पुढचे दोन-तीन आठवडे ताप येतो का, कुत्रा जेवण टाकतो का, हिरड्या फिकट पडतात का याकडे लक्ष ठेवावे. तसे काही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे आणि कुत्रा डोंगरात जाऊन आल्याचे त्यांना आवर्जून सांगावे, म्हणजे ते गोचीडतापाची रक्ततपासणी आधी करतील.