होडीवरून बाजाराला जाताना

बहामामधल्या जॉर्जटाउनला शिडाच्या होड्या स्टॉकिंग आयलंडच्या आडोशाला नांगर टाकतात आणि बाजार असतो समोरच्या किनाऱ्यावर, डिंगीने, म्हणजे होडीसोबतच्या छोट्या नावेने, सुमारे एक मैल. तिथला वारा बहुतेक पूर्वेचा. त्यामुळे जाताना तो पाठीशी असतो, पण परतताना भरलेली डिंगी त्याच्या तोंडावर न्यावी लागते आणि लाटांचे फवारे थेट सामानावर येतात. म्हणून पीठ, साखर, धुतलेले कपडे, कागदपत्रं, फोन हे सगळं पाणी न शिरणाऱ्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशव्यांत भरा. साधी प्लास्टिकची पिशवी इथे टिकत नाही.

डिंगी बांधायचा धक्का गावातल्या लेक व्हिक्टोरिया नावाच्या छोट्या तळ्यात आहे. तिथे शिरताना अरुंद पुलाखालून जावं लागतं. वेग अगदी कमी करा, समोरून कोणी येत असेल तर थांबा. धक्क्याला बांधताना दोर लांब सोडा, मागच्यांना जागा मिळते.

आधी कपडे धुणं, पेट्रोल, गॅस. भाजी आणि गोठवलेलं सामान सर्वांत शेवटी. ताजी भाजी मालवाहू मेलबोटीने येते, तेव्हा बोट कधी लागणार ते आधी विचारून घ्या.

पुठ्ठ्याची खोकी मात्र किनाऱ्यावरच टाका. त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात, आणि होडीत झुरळं शिरली की निघता निघत नाहीत.