विद्यापीठाचे वेब सर्व्हर सांभाळायला येणाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात जे नुकतेच रुजू झाले आहेत, किंवा एखाद्या विभागाचे संकेतस्थळ ज्यांच्या गळ्यात अचानक येऊन पडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. लिनक्सची कमांड लाइन, अपाची किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची मांडणी आणि डीएनएसच्या (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदी यांची तुम्हाला ओळख आहे, असे मी गृहीत धरतो. एवढ्या ज्ञानावर सर्व्हर चालू होतो. तो वर्षानुवर्षे सुरक्षित राहावा यासाठी मात्र विद्यापीठाचे वेब सर्व्हरविषयक धोरण वाचावे लागते, आणि बहुतेक जण ते काहीतरी बिघडल्यावरच उघडतात. तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात वाचा.

पहिल्या वाचनात त्यातील बरीच कलमे जाचक वाटतात. नोंदणीशिवाय सर्व्हर लावता येत नाही, बाहेरच्या जगासाठी ८० आणि ४४३ एवढेच (वेब पानांसाठीचे) पोर्ट खुले मिळतात, एसएसएचसाठी (दुरून सर्व्हरवर काम करण्यासाठी) आधी व्हीपीएनमधून, म्हणजे विद्यापीठाच्या सुरक्षित खासगी जोडणीतून, यावे लागते, आणि प्रत्येक संकेतस्थळासाठी विभागप्रमुखाची सही लागते. यामागचे कारण विद्यापीठाच्या घडणीत आहे. येथे माणसे सतत बदलतात आणि यंत्रे मागे राहतात. संशोधक विद्यार्थी आपल्या प्रकल्पासाठी सर्व्हर उभारतो, पदवी घेऊन निघून जातो, प्रकल्पाचा निधी संपतो, मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेत जातात, आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातले ते यंत्र कोणाचेही लक्ष नसताना चालूच राहते. म्हणून ‘या सर्व्हरला आणि या नावाला आज जबाबदार कोण’ हे विचारणारे कलम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. ते कलम दुर्लक्षित राहिले की काय होते, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचा ताण अजूनही विसरलेलो नाही. त्यामुळे ते थोडे विस्ताराने सांगतो.

एका विभागाने परिषद भरवली होती. परिषदेचे संकेतस्थळ बाहेरच्या एका क्लाउड सेवेवर होते आणि पत्ता विद्यापीठाच्या नावाखाली दिसावा म्हणून आमच्या डीएनएसमध्ये त्या सेवेकडे बोट दाखवणारी सीनेम नोंद केलेली होती. परिषद संपली, आयोजकांनी क्लाउडवरचे खाते बंद केले, आणि नोंद तशीच राहिली. हे सारे मी रुजू होण्याच्या आधीचे. पुढे त्याच सेवेवर कोणीतरी तेच मोकळे झालेले नाव स्वतःसाठी घेतले आणि विद्यापीठाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. तक्रार आली तेव्हा आम्ही आमचे सर्व्हर तपासले, लॉग चाळले, पासवर्ड बदलले, आणि कोठेही घुसखोरीचा मागमूस सापडेना. कारण आमच्या एकाही यंत्रात कोणी शिरलेच नव्हते. आमची डीएनएस नोंदच वाचकाला परक्याच्या दारी नेऊन सोडत होती.

याला सबडोमेन (मुख्य डोमेनखालचे उपनाव) बळकावणे म्हणतात, आणि त्याचे परिणाम जाहिरातींवर थांबत नाहीत. त्या पत्त्यावर आलेल्या विनंतीला उत्तर देण्याचा ताबा ज्याच्याकडे आहे, त्याला त्या नावाचे अधिकृत टीएलएस प्रमाणपत्रही (ज्यामुळे ब्राउझर जोडणी सुरक्षित मानतो ते) मिळू शकते, कारण स्वयंचलित प्रमाणपत्र देणाऱ्या सेवांच्या नेहमीच्या पडताळणीत तेवढाच ताबा तपासला जातो. म्हणजे ब्राउझरमध्ये सारे सुरक्षित दिसते आणि पान मात्र परक्याचे असते. त्याहून गंभीर गोष्ट कुकीची आहे. विद्यापीठाच्या लॉगिन व्यवस्थेने आपली कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) संपूर्ण डोमेनसाठी दिलेली असेल, तर लॉगिन केलेला विद्यार्थी त्या बळकावलेल्या पानावर जाताच ब्राउझर ती कुकी तेथेही पाठवतो. एका विसरलेल्या नोंदीमुळे निकाल आणि शुल्क यांच्या व्यवस्थेपर्यंत वाट तयार होते. सीनेमच नव्हे, तर क्लाउडवरच्या आयपी पत्त्याकडे नेणाऱ्या नोंदीही तितक्याच धोक्याच्या असतात, कारण सोडून दिलेला आयपी पत्ता पुढे दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. एखादे सबडोमेन विभागाच्या स्वतःच्या नेमसर्व्हरकडे (डीएनएसची उत्तरे देणाऱ्या यंत्राकडे) सोपवलेले असेल आणि त्या नेमसर्व्हरच्या डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्या कोणी नोंदवले, तर त्याखालची सारी नावेच हातातून जातात.

म्हणून बंद करण्याचा क्रम पाठ करा. आधी डीएनएस नोंद काढा, तिचा टीटीएल (इतर यंत्रे ती नोंद लक्षात ठेवतात तो काळ) संपेपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच होस्टिंग बंद करा. उलटा क्रम लावला की मधल्या काळात दार उघडे राहते, आणि नोंद काढायचे राहूनच गेले तर ते कायमचे उघडे राहते. नवे नाव देतानाच त्याची समाप्तीची तारीख लिहून घ्या. जबाबदार म्हणून व्यक्तीच्या खासगी ईमेलऐवजी पदाचा ईमेल नोंदवा, सोबत दुसरे एक कायम सेवेतील नाव घ्या, आणि वर्षातून एकदा प्रत्येक नावाबद्दल लेखी होकार मागवा. होकार आला नाही तर सूचना देऊन नाव बंद करा. लोक रागावतील, दूरध्वनी येतील. तरीही बंद करा. ज्या नावाला कोणीही आपले म्हणत नाही, ते चालू ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे वाचून दडपण आले असेल, तर एवढे लक्षात घ्या की हे काम अवघड नाही. झोन फाइलमधील (डीएनएस नोंदींच्या फाइलमधील) सर्व नोंदी वाचून प्रत्येक नाव आज कोठे पोहोचते हे पाहणारी छोटी स्क्रिप्ट तुम्ही काही तासांत लिहू शकता, आणि पहिल्याच फेरीत निम्मी चिंता मिटते.

अद्ययावत ठेवण्याच्या कलमाबद्दल मात्र मी दिलासा देणार नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल या संकेतस्थळे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, आणि त्यानंतर द्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितले की सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे ताब्यात गेली आहेत असेच समजून चालावे. ज्या विभागात सायंकाळनंतर सर्व्हरकडे पाहणारे कोणी नाही, त्या विभागाने सात तासांत काय केले असते? म्हणून अशा विभागांनी स्वतःचा सर्व्हर लावू नये आणि मध्यवर्ती होस्टिंग घ्यावे, असे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा’ हे उत्तर तुम्हाला ऐकावे लागेल. संकेतस्थळांच्या पीएचपी या भाषेच्या ५.६ आवृत्तीला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ च्या अखेरीस थांबल्या आणि सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला; त्यांवर आजही चालणारे संकेतस्थळ व्यवस्थित दिसते, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. त्यांची कमाल मुदत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असे ठरले आहे. दिनदर्शिकेत खूण करून हाताने नूतनीकरण करण्याची सवय आताच सोडा.

आडवाटांविषयी माझी मते कडक आहेत. फाइल अपलोड होत नाही म्हणून फोल्डरला ७७७ (कोणीही काहीही बदलावे अशी) परवानगी देणे, किंवा संकेतस्थळ उघडत नाही म्हणून एसईलिनक्स हे लिनक्सचे सुरक्षा कवच बंद करून टाकणे, यांतून अडचण सुटत नाही, ती पुढच्या माणसाकडे सरकते. मार्गदर्शक निवडतानाही हेच पाहा. जो वरिष्ठ तुमच्या हातातून कीबोर्ड घेऊन दोन मिनिटांत दुरुस्ती करून देतो, त्याच्याकडून तुम्ही फारसे शिकणार नाही. जो तुम्हाला आधी नेमके काय बिघडले ते लिहून आणायला सांगतो, त्याला सोडू नका. सारे काही डोक्यात ठेवणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो, पण तो निवृत्त होतो त्या दिवशी संस्थेची माहितीही त्याच्याबरोबर जाते.

मजकुराच्या कलमांत नवीन माणूस लवकर गोंधळतो. सर्व्हर चालवण्याची जबाबदारी तुमची असते आणि पानावरच्या मजकुराची जबाबदारी तो प्रसिद्ध करणाऱ्याची असते. एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाने दूरध्वनी करून विद्यार्थी संघटनेचे पान काढायला सांगितले, तर नम्रपणे लेखी विनंती मागा आणि ती धोरणात नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवा. योग्य-अयोग्याचा निवाडा स्वतः करू नका, मग तुमचे वैयक्तिक मत काहीही असो. ही शिस्त तुमचेही रक्षण करते. अपवाद वैयक्तिक माहितीचा आहे. विद्यार्थ्यांची नावे, मोबाइल क्रमांक आणि गुण असलेली एक्सेल फाइल उघड्या फोल्डरमध्ये दिसली, तर ती लगेच बाहेरून दिसेनाशी करा आणि मग कळवा. धोरणात तशी तरतूद नसेल, तर ती घालून घ्या. अशी फाइल रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहून लपत नाही. रोबोट्सची ती फाइल कोणालाही वाचता येते आणि तिच्या आरएफसी ९३०९ या मानकामध्येच स्पष्ट केले आहे की तिच्यातील नियम हे प्रवेशावरचे नियंत्रण नव्हे.

आणि एखादा सर्व्हर खरोखरच कोणाच्या ताब्यात गेला, तर घाईने तो पुसून नव्याने बसवू नका. आधी त्याला नेटवर्कपासून तोडा, डिस्कची प्रत घ्या, लॉग दुसरीकडे हलवा आणि त्याच तासात सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. लवकर कळवणाऱ्याच्या पाठीशी चांगले केंद्र नेहमी उभे राहते, आणि उशिरा कळलेली गोष्ट निस्तरायला सर्वांनाच त्रास होतो.

शेवटी जुन्या संकेतस्थळांचा प्रश्न उरतो. परिषदेचे निबंध संदर्भ म्हणून दिलेले असतात, त्यामुळे ‘पान बंद करू नका’ ही संशोधकांची मागणी रास्त आहे. अशा वेळी चालत्या संकेतस्थळाची एचटीएमएलमध्ये स्थिर प्रत करून घ्या. तिला डेटाबेस लागत नाही, पीएचपी लागत नाही, आणि लॉगिनचा अर्जही तिच्यात उरत नाही. ती प्रत मध्यवर्ती सर्व्हरवर, शक्य असेल तर जुन्याच पत्त्यावर ठेवा. पत्ता बदलावा लागला तर जुने दुवे ३०१ ने (‘पत्ता कायमचा बदलला’ या उत्तराने) नव्या जागी वळवा, आणि मुद्दाम काढलेल्या पानांसाठी ४१० (‘पान कायमचे काढले’) हे उत्तर द्या, म्हणजे शोधयंत्रे ती आपल्या सूचीतून लवकर वगळतात.