लांबवरचा सेन्सर टेबलावर चालतो, जागेवर गप्प बसतो: या चुका टाळा

टेबलावर सेन्सरचं आणि रिसीव्हरचं अशी दोन रेडिओ मॉड्यूल्स शेजारी शेजारी ठेवली की प्रत्येक पॅकेट (हवेतून पाठवलेला छोटा संदेश) पोचतं. मग सेन्सर उचलायचा, टेकडीपलीकडच्या पाण्याच्या टाकीवर नेऊन बसवायचा, परत येऊन स्क्रीनपुढे बसायचं आणि वाट बघायची. काहीच येत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कोडमधल्या पॉवरच्या ओळीकडे जातो. माझाही जायचा. एकदा नीट हिशेब मांडला आणि ती सवय सुटली.

हिशेब असा. लोरा (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) मॉड्यूल १४ डीबीएमने, म्हणजे २५ मिलिवॉटने पाठवतंय असं धरू. डीबीएम हे पॉवरचं माप, आणि दर १० डीबीला दहापट फरक. स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती पसरवून, सावकाश पाठवायचा तो आकडा) १२ आणि बँडविड्थ (सिग्नल व्यापतो त्या पट्ट्याची रुंदी) १२५ किलोहर्ट्झ असेल तर समोरचा रिसीव्हर उणे १३७ डीबीएमपर्यंतचा सिग्नल ऐकतो. मधे १५१ डीबीचं भांडवल आहे. ४३३ मेगाहर्ट्झवर मोकळ्या जागेत ४०० मीटरला खर्च होतात जेमतेम ७७. स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर असाल तर भांडवलातून आणखी १४ वजा करा. तरी ६० डीबी शिल्लक राहतात आणि तुमचा सिग्नल मात्र ४०० मीटरवर मेलेला असतो. ते ६० डीबी कुठेतरी गळताहेत. पॉवर २५ वरून १०० मिलिवॉट केली तर मिळतात फक्त ६. बादलीला भोक असताना नळ मोठा सोडण्यातलाच हा प्रकार.

भोक बहुधा अँटेनापाशी असतं

माझं सगळ्यात लाजिरवाणं भोक कनेक्टरमध्ये सापडलं. अँटेना बोर्डवर छान घट्ट बसली होती, आटे जुळले होते. दोन खोल्यांपर्यंत सिग्नल जायचा, अंगणात गेलं की संपला. दोन शनिवार-रविवार मी कोडमधली रेडिओची लायब्ररी बदलण्यात घालवले. शेवटी अँटेना काढून आत डोकावलो, तर मधे पिनच नाही, नुसतं भोक. बोर्डवरच्या सॉकेटमध्येही भोक. एसएमए आणि आरपी-एसएमए हे कनेक्टरचे दोन प्रकार बाहेरून सारखेच दिसतात आणि एकमेकांवर फिरवून बसतातही, पण आतली पिन उलट बाजूला असते. भोकासमोर भोक आलं की मधली तार कुठे टेकतच नाही. शेजारच्या खोलीत जात होता तो निव्वळ पाझरलेला सिग्नल. नवीन अँटेना लावताना आता मी आधी आत बघतो, मग फिरवतो.

दुसरी गोष्ट लांबीची. ७५०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की पाव तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये मिळते: ४३३ ला १७.३, ८६८ ला ८.६. एवढी सरळ तार मॉड्यूलसोबत येणाऱ्या स्प्रिंगपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरते. मात्र पाव तरंगलांबीची तार ही अर्धीच अँटेना असते. उरलेली अर्धी म्हणजे खालची जमीन: धातूचा पत्रा किंवा तेवढ्याच लांबीच्या चार तारा. नुसती तार प्लॅस्टिकच्या डब्यातून वर काढून भागत नाही, आणि डबा धातूचा असून अँटेना आत असेल तर पुढचं वाचूच नका, आधी ती बाहेर काढा.

दोन्ही टोकांच्या अँटेना उभ्याच ठेवा. एक उभी आणि एक आडवी असेल तर २० डीबीपर्यंत फटका बसू शकतो. अँटेनाचं टोक रिसीव्हरकडे रोखून ‘नेम’ धरणारेही मी पाहिलेत. नेमकं त्याच दिशेला ती सगळ्यात कमी फेकते. आणि अँटेना न लावता चाचणी म्हणूनसुद्धा पाठवू नका, शेवटचा अँप्लिफायर जाऊ शकतो.

उंचीसाठी अँटेना वर आणि मॉड्यूल खाली ठेवण्याचा मोहही आवरा. आरजी-१७४ ही बारीक केबल ८६८ मेगाहर्ट्झवर १० मीटरमध्ये सुमारे ९ ते १० डीबी खाते, म्हणजे दहातले नऊ हिस्से केबलमध्येच जिरतात. त्यापेक्षा अख्खं बोर्ड वर खांबावर न्या आणि वीज खालून द्या.

दिसतंय म्हणजे पोचतंय असं नाही

‘इथून टाकी स्पष्ट दिसते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. रेडिओला डोळ्यासारखी बारीक रेघ पुरत नाही, रेघेभोवतीची फुगीर जागाही मोकळी लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५ किलोमीटरच्या लिंकवर ४३३ मेगाहर्ट्झसाठी या फुग्याची त्रिज्या बरोबर मध्यावर सुमारे २९ मीटर होते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे साधारण १८ मीटर मोकळी हवी. मधल्या झाडांचे शेंडे नजरेच्या खाली असले तरी ते या फुग्यात घुसलेले असतात. पानगळीत चाचणी घेऊन खूश झालेल्यांनी पालवी फुटल्यावर पुन्हा मोजावं.

म्हणून उंचीसारखा स्वस्त उपाय नाही. अँटेना जमिनीलगत असताना एका टोकाची उंची दुप्पट केली की साधारण ६ डीबी मिळतात. पॉवर चौपट करून मिळाले असते तेवढेच, आणि बॅटरीवर भार शून्य.

वीज

पाठवण्याच्या क्षणी बोर्ड रीस्टार्ट होत असेल तर कोड तपासत बसू नका. एसएक्स १२७८ ही लोरा चिप २० डीबीएमवर सुमारे १२० मिलिअँपिअर ओढते. हा झटका क्षणभराचा असल्यामुळे मल्टिमीटर निवांत ३.३ व्होल्ट दाखवत राहतो. बटन सेलला हे पेलत नाही. मॉड्यूलच्या पायांशीच एक कॅपॅसिटर लावा. एनआरएफ२४ या दुसऱ्या रेडिओ मॉड्यूलची लहरी वागणूक तर १० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरने कित्येकदा जागेवर सरळ होते. एसएक्स १२७८सारख्या लोरा मॉड्यूल्सचे पाय ३.३ व्होल्टचे असतात, ५ व्होल्टच्या बोर्डला थेट जोडू नका.

याच झटक्याची एक फसवी बाजू आहे. माझ्या टाकीची पातळी दर वेळी खऱ्यापेक्षा थोडी जास्त यायची. टाकीजवळ लॅपटॉप जोडून बघितलं की बरोबर! बरंच डोकं खाजवल्यावर कळलं की मी रीडिंग पाठवणं चालू असतानाच घेत होतो, तेवढ्यात व्होल्टेज बसायचं आणि एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) मापच हलायचं. लॅपटॉप जोडल्यावर वीज भरपूर, म्हणून दोष गायब. आधी रीडिंग घ्या, ते व्हेरिएबलमध्ये ठेवा, मगच रेडिओला जागं करा.

रिसीव्हरच्या टोकाला उलटं होतं. तिथला स्वस्त डीसी-डीसी कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलून देणारा भाग) एवढी रेडिओ खरखर करतो की क्षीण सिग्नल तिच्यात बुडून जातो. तास-दोन तास रिसीव्हर बॅटरीवर चालवून बघा. पॅकेट्स वाढली तर चोर सापडला.

सेटिंग्ज

फ्रीक्वेन्सी, बँडविड्थ, स्प्रेडिंग फॅक्टर आणि सिंक वर्ड (आपली पॅकेट्स ओळखायची खूण) दोन्हीकडे तंतोतंत एकच हवेत. एकही चुकला तर ‘थोडं कमी’ येत नाही, काहीच येत नाही.

स्प्रेडिंग फॅक्टर सरसकट १२ करून टाकणं ही आवडती चूक आहे. २० बाइटचा संदेश ७ वर साधारण ५७ मिलिसेकंदांत जातो, १२ वर त्यालाच १.३ सेकंद लागतात. बॅटरी तेवढी जास्त जळते, दुसऱ्या सेन्सरशी टक्कर व्हायची शक्यता वाढते आणि नियमही आडवे येतात. युरोपात ८६८ च्या आसपासच्या अनेक पट्ट्यांत हवेत राहायला फक्त १ टक्का वेळ मिळतो, म्हणजे तासाला ३६ सेकंद. १२ वर असे २७ संदेश झाले की कोटा संपला. पट्टेही देशागणिक वेगळे आहेत, भारतात ८६५ ते ८६८ आणि उत्तर अमेरिकेत ९१५ च्या आसपास. मॉड्यूल घेण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. हॅम (हौशी रेडिओ) परवाना असेल तर पॉवर जास्त वापरता येते, पण हॅम बँडवर मजकूर सांकेतिक करून लपवणं सर्वसाधारणपणे चालत नाही.

बँडविड्थ फार अरुंद करण्यातही खोच आहे. ८६८ वर दोन्हीकडच्या साध्या क्रिस्टलमध्ये (फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या भागात) १०-१० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत दहाची, चूक विरुद्ध दिशांना असली तर फ्रीक्वेन्सीत १७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. बँडविड्थच्या पावपटीपर्यंतचाच फरक चिप सांभाळून घेते. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला हे सहज निभतं, ६२.५ ला नाही. त्यात टाकीवरचा डबा उन्हात तापला की दुपारी लिंक तुटते आणि संध्याकाळी आपोआप जुळते, आणि माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागतो.

संदेश आटोपशीर ठेवा. ‘temperature’ हा आख्खा शब्द दर वेळी हवेत कशाला पाठवायचा? २७.४५ अंश म्हणजे २७४५ हा आकडा, दोन बाइटांत मावतो. सोबत सेन्सरचा क्रमांक आणि दर पॅकेटला एकाने वाढणारा अनुक्रमांक घाला, म्हणजे किती पॅकेट्स गळाली ते आकड्यात दिसेल. आणि सगळे सेन्सर बरोबर दर ६० सेकंदांनी बोलत असतील तर वीज जाऊन आल्यावर सगळे एकदम जागे होतात आणि मग दर मिनिटाला एकमेकांच्या अंगावर आदळतात. मधे काही सेकंदांचं यादृच्छिक अंतर टाकलं की प्रश्न मिटतो.

शोध घेताना आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती) दोन्ही नोंदवा. आरएसएसआयच कमी असेल तर अँटेना, केबल, वाट तपासा. तो चांगला असूनही पॅकेट्स गळत असतील तर खरखर किंवा टक्कर शोधा. एसएनआर उणे दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, लोरा १२ वर उणे २० पर्यंत तग धरतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान शंभर पॅकेट्स मोजा.

शेवटची चूक रेडिओची नाही, स्क्रीनची. माझ्या स्क्रीनवर टाकी तीन दिवस ७२ टक्के दाखवत होती आणि मी निर्धास्त होतो. सेन्सर पहिल्याच दिवशी बंद पडला होता, शेवटचा आकडा तेवढा तसाच राहिला होता. नळाला पाणी येईना तेव्हा उलगडा झाला. आता प्रत्येक आकड्याखाली तो किती मिनिटांपूर्वीचा आहे ते लिहिलेलं असतं आणि लागोपाठ तीन पॅकेट्स चुकली की आकडा पुसून तिथे नुसती रेघ येते.